चाकांवरचे बिऱ्हाड, माथ्यावरचा सूर्य

बिऱ्हाड पाठीशी बांधून हिंडणे ही आपल्याकडे काही नवलाची गोष्ट नव्हे. घाटमाथ्यावरचा धनगर पावसाळा सरला की मेंढरांमागून कोकणपट्टीत उतरतो, तेव्हा त्याच्या घोड्यावर भांडी, घोंगड्या, कोकरे आणि तान्हे मूल असा सगळा संसार लादलेला असतो. ऊसतोडीला निघालेल्या गाड्या दसरा-दिवाळीच्या सुमारास कारखान्याची वाट धरतात, त्यांतही घरच चाकांवर चढलेले असते. आपल्या आजोबा-पणजोबांनी जत्रेला जाण्यासाठी जुंपलेल्या बैलगाडीखाली कंदील टांगलेला असे आणि त्या कंदिलात रॉकेल किती उरले आहे, यावर रात्रीचा मुक्काम कोठे पडावयाचा हे पुष्कळदा ठरे. आज जिला कॅराव्हॅन म्हणतात ती गाडी याच घराण्यातील होय. कंदिलाची जागा दिवे, पंखे, फ्रीज, पाण्याचा पंप आणि मोबाइल यांनी घेतली आहे, आणि तेलाचा हिशेब आता विजेच्या युनिटांत करावा लागतो, इतकाच काय तो फरक.

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आखले. केरळनेही त्याच वर्षी तसे पाऊल उचलले. आमच्या सिल्वासाहून खानवेलमार्गे दुधनीच्या जलाशयाकडे जाणाऱ्या रस्त्यावरही अलीकडे मधूनच एखादी पडदे लावलेली, माथ्यावर काळ्या काचेच्या पाट्या मिरविणारी गाडी दिसते. परदेशांत मोटारीमागे जोडून ओढावयाचे घर, म्हणजे ट्रेलर, अधिक चालते; आपले रस्ते आणि आपली वाहने उभी करण्याची पद्धत पाहता येथे बहुधा मिनीबसच्या पोटातच घर थाटले जाते. छप्पर मात्र दोहोंचे सारखेच, आणि त्या छपरावरच्या पाट्या पाहून विचारला जाणारा प्रश्नही एकच: “म्हणजे ही गाडी उन्हावर चालते होय?”

तशी ती चालत नाही. या उत्तरामागचे गणित मात्र समजून घेण्यासारखे आहे, कारण त्यावरच पुढचा सारा व्यवहार उभा राहतो.

आपल्या रेल्वेने याचा एक चांगला वस्तुपाठ घालून दिला. १४ जुलै २०१७ रोजी तेव्हाचे रेल्वेमंत्री सुरेश प्रभू यांच्या हस्ते दिल्लीच्या सफदरजंग स्थानकावर एका डिझेल लोकल गाडीचे उद्घाटन झाले. चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीत बांधलेल्या या गाडीच्या सहा डब्यांच्या माथ्यावर सौर पॅनेल बसविलेली होती. प्रत्येक डब्यावर सोळा आणि प्रत्येक पॅनेल ३०० वॅटचे. वर्तमानपत्रांनी तिला ‘सौर गाडी’ म्हटले. परंतु गाडी ओढण्याचे काम १६०० अश्वशक्तीचे डिझेल इंजिनच करीत होते. उन्हाच्या वाट्याला दिवे आणि पंखे आले होते, आणि तेवढ्यानेही एका गाडीमागे वर्षाला सुमारे २१,००० लिटर डिझेल वाचेल असा रेल्वेचा अंदाज होता. गाडी ओढणे निराळे आणि गाडीतला संसार चालविणे निराळे. हा भेद जो पहिल्या दिवशी मनात पक्का करतो, त्याचे पुढचे पैसे वाचतात.

आकडेच पाहू. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे १० युनिट ऊर्जा असते. तिच्यातली जेमतेम एक तृतीयांश चाकांपर्यंत पोहोचते, बाकीची उष्णतेच्या रूपाने वाया जाते. मिनीबस २०० किलोमीटर गेली आणि तिला २० लिटर डिझेल लागले, तर चाकांनी खर्चलेली ऊर्जा ६० युनिटांच्या घरात येते. याउलट त्याच गाडीच्या माथ्यावर ४०० वॅटची पॅनेल बसविली, तर चांगल्या उन्हाच्या दिवशी पदरात पडते ती दीड युनिटाच्या आतबाहेर. म्हणजे एका दिवसाच्या प्रवासाची शिदोरी गोळा करण्यासाठी गाडीने चाळीस दिवस एका जागी तप करावयाचे!

हे गणित उलटविण्याचा प्रयत्न कोणी केलाच नाही असे मात्र नाही. नेदरलँड्समधील आइंडहोवन तंत्रविद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी २०२१ साली ‘स्टेला व्हिटा’ नावाचे सौर फिरते घर बांधले आणि ते आइंडहोवनपासून स्पेनच्या दक्षिण टोकावरील तारिफापर्यंत नेले. त्यांनी गाडी अत्यंत हलकी ठेवली, तिचा आकार पाण्याच्या थेंबासारखा केला आणि मुक्कामी थांबल्यावर माथा उंचावून दोन्ही बाजूंना पंख पसरतील अशी सोय केली. त्या पसरलेल्या पॅनेलांचे क्षेत्र १७.५ चौरस मीटर भरे. आपल्या पुण्यात ‘वायवे’ या कंपनीने केलेल्या ‘ईव्हा’ या चिमुकल्या विजेच्या मोटारीच्या माथ्यावरही सौर पॅनेल आहे, आणि त्यातून वर्षाकाठी ३,००० किलोमीटरपर्यंतची वीज मिळते असे कंपनी सांगते; म्हणजे दिवसाला साधारण आठ किलोमीटर. दोन्ही प्रयोग कौतुकास्पद आहेत. परंतु आपल्याला जी गाडी मिळते ती लोखंडी, जड आणि वाऱ्याला छाती देऊन चालणारी. तिच्या माथ्याने आतला संसार सांभाळला, तरी पुष्कळ झाले.

आणि तो खरोखर सांभाळला जातो, याची साक्ष एका प्राध्यापकाने स्वतःच्या जगण्याने दिली आहे. चेतनसिंह सोळंकी हे मूळचे निमाडातील खरगोन जिल्ह्याचे. बेल्जियममध्ये सौरघटांवर संशोधन करून ते मुंबईच्या आयआयटीत प्राध्यापक झाले. विद्यार्थ्यांच्या हाती सौर दिवे पोहोचविण्याची तेथली मोठी योजना त्यांच्याच पुढाकाराने उभी राहिली. नोव्हेंबर २०२० मध्ये त्यांनी ‘एनर्जी स्वराज यात्रा’ आरंभिली आणि २०३० पर्यंत घरी न परतता एका बसमध्येच राहण्याचा संकल्प सोडला. त्या बसच्या माथ्यावर ३.२ किलोवॅटची पॅनेल आणि पोटात ६ युनिटांची बॅटरी होती. ही वीज बस ओढण्यासाठी नव्हती. बसमधले निजणे, रांधणे, लिहिणे-वाचणे आणि सभा-व्याख्यानांची तयारी तिच्यावर चाले. घरदार असलेल्या माणसाने असा संकल्प करावा याबद्दल मते निराळी असू शकतील. परंतु गावोगाव जाऊन त्यांनी जे सूत्र सांगितले ते फिरत्या घराला तंतोतंत लागू पडते. आधी वापर टाळा, टाळता येत नाही तो कमी करा, आणि मग जो उरेल तेवढ्यापुरतीच वीज निर्माण करा. बंगल्याच्या गच्चीवर हा क्रम उलटा केला तरी निभावते, कारण आणखी चार पॅनेल मांडावयास जागा असते. गाडीचे छप्पर वाढत नाही.

ज्या वस्तूच्या आधाराने हे सारे चालते तिच्याबद्दल सिल्वासाकराला एक आपुलकीचा धागा जोडता येतो. सिलिकॉनचा पहिला उपयोगी पडेल असा सौरघट अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने २५ एप्रिल १९५४ रोजी लोकांपुढे ठेवला. आणि त्याच वर्षी २ ऑगस्टला सिल्वासा पोर्तुगीज अमलातून मुक्त झाले. दोघांचे वय एकच. तो पहिला घट पडलेल्या उन्हापैकी जेमतेम सहा टक्क्यांची वीज करी. आज बाजारातील चांगले पॅनेल वीस-बावीस टक्क्यांपर्यंत पोहोचले आहे, म्हणून एका चौरस मीटरातून भर उन्हात सुमारे दोनशे वॅट मिळतात. पृथ्वीवरच्या घरांना हे घट परवडण्यापूर्वी ते अवकाशात गेले. १९५८ सालच्या ‘व्हॅनगार्ड-१’ या उपग्रहावर ते होते.

आता प्रत्यक्ष एका गाडीकडे वळतो. आमचे एक निवृत्त सहकारी, चित्रकलेचे शिक्षक, गेल्या वर्षी अशी गाडी बांधावयास निघाले. त्यांचे नाव लिहिण्याचे कारण नाही. येथील बरीच मंडळी त्यांना ‘सर’ एवढ्यानेच ओळखतात. हौस तर होतीच, पण या खटाटोपामागे एक अडचण होती. त्यांच्या पत्नीला, म्हणजे आमच्या वहिनींना, गेली अनेक वर्षे दिवसातून दोनदा इन्सुलिन घ्यावे लागते. न उघडलेली इन्सुलिनची कुपी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागते. ती गोठताही उपयोगी नाही आणि तापताही उपयोगी नाही. उघडलेली कुपी साधारण चार आठवडे सावलीच्या, फार उष्ण नसलेल्या जागी टिकते. त्यासाठी ओल्या मडक्याचा जुना उपाय आजही कामास येतो. परंतु दोन-अडीच महिन्यांच्या प्रवासाला निघायचे तर साठा बरोबर हवा, आणि साठ्याला फ्रीज हवा. पूर्वी एकदा वैशाखात प्रवासाला गेले असता मुक्कामाच्या ठिकाणी रात्रभर वीज नव्हती. फ्रीजमधील कुप्या सकाळी कोमट झालेल्या निघाल्या आणि पुढचे दोन दिवस परक्या गावी औषधाच्या दुकानांचे उंबरे झिजविण्यात गेले. तेव्हापासून वहिनींनी लांबचा प्रवास सोडला होता. लेक इंदूरला, धाकटे दीर बडोद्याला, माहेरची एक शाखा ग्वाल्हेरला आणि एक चुलत घर थेट तंजावरला! आपल्या समाजाची घरे अशी चारी दिशांना पांगलेली असतात हे वाचकांना सांगावयास नको. त्या घरांची दारे आता फोटोतच पाहावयाची, असे त्यांनी मनाशी ठरवूनही टाकले होते.

सरांनी प्रथम दुकान गाठले. दुकानदाराने त्यांना ५४० वॅटची दोन मोठी पॅनेल, भला थोरला इन्व्हर्टर आणि वर वातानुकूलन यंत्र असा थाट सुचविला. घरी आल्यावर वहिनींनी विचारले, “छप्पर मोजलंत का?” छप्पर मोजले. लांबी साडेचार मीटर, रुंदी एक मीटर साठ सेंटिमीटर, आणि मध्यभागी हवेसाठी झरोका. दुकानदाराचे एकेक पॅनेल सव्वादोन मीटरांहून लांब, एक मीटरहून रुंद आणि अठ्ठावीस किलोंच्या आसपास वजनाचे. दोन्ही बसविली असती तर झरोका झाकला गेला असता. उरले वातानुकूलन. रात्रीचे आठ तास लहानसे यंत्र चालविले तरी पाच-सहा युनिट खर्च. म्हणजे दोन्ही मोठ्या पॅनेलांची दिवसभराची सारी कमाई रात्रीत संपणार, वर ती साठविण्यासाठी तेवढीच जंगी बॅटरी हवी. वहिनींनी वातानुकूलनावर काट मारली आणि त्याच बैठकीत सगळा हिशेब आवाक्यात आला.

हिशेब शाळेच्या चौरेघी वहीत मांडला गेला. पहिल्या ओळीत फ्रीज. बारा व्होल्टवर थेट चालणारा, पन्नास लिटरचा, कॉम्प्रेसरचा. उन्हाळ्यात दिवसाला सुमारे अर्धे युनिट. दुसऱ्या ओळीत दोन कमी विजेचे पंखे, प्रत्येकी २५ वॅट, रात्रीचे दहा तास, अर्धे युनिट. मग दिवे, मोबाइल, पंप मिळून आणखी पाव युनिटाच्या आत. एकूण सव्वा युनिट. स्वयंपाक गॅसवर. इंडक्शन शेगडीचा मोह सरांना होता, पण २००० वॅटची शेगडी बारा व्होल्टच्या बॅटरीतून पावणेदोनशे अँपिअरहून अधिक प्रवाह ओढते हे कळल्यावर तो आपोआप ओसरला.

सव्वा युनिटासाठी २०० वॅटची दोन पॅनेल ठरली. पॅनेलवर छापलेला आकडा प्रयोगशाळेतला असतो: चौरस मीटरवर १००० वॅट ऊन आणि घटाचे तापमान २५ अंश. आमच्याकडच्या मे महिन्यात पत्र्यावर निजलेल्या पॅनेलचे तापमान साठ-पासष्टपर्यंत जाते आणि प्रत्येक जादा अंशामागे अर्ध्या टक्क्याहून थोडी कमी, अशी शक्ती घटत जाते. चाळीस अंशांनी पंधरा टक्के गेले असे समजावे. म्हणून पॅनेल छपराला चिकटवून न बसविता खालून दोन इंच हवा खेळेल असे उचलून धरावे. त्याचा दुसरा लाभ असा, की छपरावर सावली पडते आणि गाडी आतून कमी तापते.

पॅनेल आडवे ठेवावे की तिरपे, हा प्रश्न युरोपात जितका छळतो तितका आपल्याला छळत नाही. सिल्वासा २० अंश अक्षांशाच्या किंचित वर आहे. २१ मे आणि २२ जुलै या दिवसांच्या सुमारास सूर्य दुपारी नेमका डोक्यावर येतो. जुलैतला दिवस ढगांत हरवतो हा भाग वेगळा. डिसेंबरच्या अखेरीसही तो मध्यान्ही ४६ अंशांवर असतो, तेव्हा सूर्याकडे नीट तोंड केलेल्या पॅनेलला १०० मिळत असतील तर आडव्याला ७२ मिळतात. लंडनमध्ये त्याच दिवशी सूर्य जेमतेम १५ अंश वर चढतो आणि आडव्या पॅनेलच्या हाती येतात २६. आपण बिजागऱ्या आणि टेकू यांच्या नादी न लागता पॅनेल सपाट बसवावे, हे बरे.

सावलीचे मात्र तसे नाही. पॅनेलमधले घट एकामागे एक ओळीने जोडलेले असतात. पाटाच्या पाण्यात एका ठिकाणी दगड पडला की पुढच्या सगळ्या वाफ्यांचे पाणी अडते, तसेच एका घटावर सावली पडली की सारी ओळ मंदावते. पॅनेलच्या पाठीमागे असलेल्या डायोडांमुळे नुकसान ओळीच्या एका भागापुरते आवरले जाते, पण होते ते होतेच. सरांनी झरोक्याचे झाकण आणि कॅरिअरचा कठडा यांच्या सावल्या सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता खडूने छपरावर रेखून घेतल्या. चित्रकलेच्या शिक्षकालाच सुचावी अशी ही युक्ती होती, आणि तिच्यामुळे एक पॅनेल वीतभर मागे सरकले. दोन्ही पॅनेल एकामागे एक न जोडता समांतर जोडली, म्हणजे एकावर सावली आली तरी दुसरे आपले काम करीत राहील.

बसविण्याच्या कामात घाई करू नये. गाडीचा वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा जोर चौपट होतो, आणि ताशी ऐंशी किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीवरून निसटलेले पॅनेल मागून येणाऱ्याच्या काचेवर आदळेल. नुसत्या चिकटद्रव्यावर विसंबणे आपल्या रस्त्यांना मानवणारे नाही. येथे कॅरिअरचे मूळचे पाय भक्कम होते. त्यांनाच ॲल्युमिनियमच्या पट्ट्या गंज न चढणाऱ्या पोलादाच्या बोल्टांनी आवळल्या आणि धक्क्यांनी सैल न होणारे नायलॉनच्या कड्याचे नट लावले. छपराला नवे भोक पडले ते एकच, वायर आत घेण्यासाठी. तेही उन्हाने न तडकणाऱ्या सीलंटने बुजवून वर उतरते झाकण बसविले. दादरा-नगर हवेलीच्या पावसाला एक भोकही पुरेसे असते.

विजेचे काम मसाट भागातील एका तरुण वायरमनने केले. हुशार मुलगा, पण त्याचा सगळा अनुभव घरच्या २३० व्होल्टचा. बारा व्होल्टला कोण भितो, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. झटका बसत नाही हे खरे. भय आहे ते आगीचे. १००० वॅटसाठी घरात सव्वाचार अँपिअर वाहतात, तर बारा व्होल्टवर त्र्याऐंशी. वायर बारीक असेल तर ती तापते, आणि फिरत्या घरात तिच्या भोवती प्लायवूड, पडदे आणि गाद्या असतात, शेजारी गॅसचे सिलिंडर. दुसरी गोष्ट अशी, की घरातला प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, म्हणून स्विच तोडताना उडालेली ठिणगी आपोआप विझते. बॅटरीचा आणि पॅनेलचा प्रवाह एकाच दिशेने अखंड वाहणारा. तेथली ठिणगी विझत नाही, ती कमान धरते. त्यामुळे घरगुती एमसीबी येथे चालत नाही. एकदिश प्रवाहासाठी केलेलीच हवी. वायरमनने आणलेली सर्वसाधारण एमसीबी परत गेली, छपरावरून खाली ६ चौरस मिलिमीटरची वायर उतरली, आणि बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरावर पहिला फ्यूज बसला. हा फ्यूज बॅटरीजवळच हवा, दूर नको. कारण बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधील वायरचे रक्षण कोणीच करीत नाही.

पॅनेलला बंद करण्याचे बटन नसते. ऊन पडले की ते जिवंत. म्हणून काम चालू असता त्यावर एक जाड काळे घोंगडे पांघरले होते. आधी बॅटरी कंट्रोलरला जोडली, मग घोंगडे काढून पॅनेल जोडली. हा क्रम उलटला तर काही कंट्रोलर बिघडतात.

बॅटरीच्या बाबतीत सर जरा सढळ झाले. शिसे-आम्लाची नळीवाली बॅटरी स्वस्त, परंतु १५० अँपिअर-तासांची एक पन्नास-साठ किलोंची, आणि तिच्यातली निम्मीच वीज वापरावी म्हणजे ती टिकते. त्यांनी लिथियम आयर्न फॉस्फेट जातीची २०० अँपिअर-तासांची घेतली. अडीच युनिटांची साठवण, वजन पंचवीस किलोंच्या घरात, आणि नव्वद टक्के वापरली तरी तक्रार नाही. तिचे एक पथ्य आहे. शून्य अंशाखाली तिला चार्ज करू नये. हिमालयात जाणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. सूर्य अजिबात दिसला नाही तर या साठ्यावर सगळा संसार जेमतेम दोन दिवस चालेल; पंखे-दिवे बंद करून केवळ फ्रीज चालविला तर चार दिवसांहून अधिक. वहिनींच्या दृष्टीने सगळ्या गाडीत महत्त्वाचा आकडा हाच होता. त्यासाठी फ्रीजची वायर बाकीच्यांपासून वेगळी काढली आणि बॅटरी तीस टक्क्यांवर आली की उरलेले सारे आपोआप बंद पडेल अशी योजना केली. इन्व्हर्टर ठेवला तो लहान, आणि तोही गरजेपुरताच चालू करावयाचा. नुसता जागा राहिला तरी तो तासाला दहा-वीस वॅट गिळतो, म्हणजे दिवसभरात जवळजवळ फ्रीजइतकेच. ही गळती अनेकांच्या लक्षात येत नाही आणि मग ते पॅनेलला दोष देतात.

पावसाळ्यासाठी आणखी एक तजवीज करावी लागली. आमच्या भागात वर्षाची सरासरी पाहिली तर चौरस मीटरमागे दिवसाला पाच युनिटांच्या आसपास ऊन मिळते. जुलै-ऑगस्टात ते साडेतीन-चारपर्यंत उतरते आणि सलग झडीच्या दिवसांत त्याहूनही खाली. तेव्हा इंजिन चालू असताना गाडीच्या आल्टरनेटरमधून घरच्या बॅटरीत वीज भरणारा वेगळा चार्जर बसविला. तासभर गाडी चालली की अर्ध्या युनिटाला थोडे कमी पडते.

कायद्याची बाजू आधीच विचारून घ्यावी. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपुस्तकातील तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे. म्हणून मिनीबसचे घर करण्यापूर्वी परिवहन कार्यालय आणि विमा कंपनी या दोहोंकडे जाऊन यावे. माथ्यावरील वजन आणि वाढलेली उंची त्यांना सांगावी. पंतप्रधान सूर्यघर योजनेचे काय, असेही विचारणारे भेटतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या या योजनेत तीन किलोवॅट वा अधिक क्षमतेला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान ठरले, पण ते वीजमंडळाच्या तारेला जोडलेल्या राहत्या घराच्या छपरासाठी. चाकांवरचे छप्पर त्यात बसत नाही.

एवढे सगळे झाल्यावरही एक पेच उरतो, आणि त्याला तंत्रज्ञानात उत्तर नाही. दुपारी माणसाला आंब्याची सावली हवी, पॅनेलला उघडे माळरान. गाडी सावलीत लावावी तर वीज नाही. उन्हात लावावी तर आतल्या माणसांची भट्टी होते आणि फ्रीजही जास्त वीज खातो. लांब वायरीचे, जमिनीवर पसरता येणारे घडीचे पॅनेल हा एक मार्ग आहे. सरांनी तो तूर्त पुढे ढकलला आहे. सकाळी अकरापर्यंत गाडी उन्हात, नंतर झाडाच्या पूर्वेकडच्या कडेला, असा त्यांचा बेत असतो. झाडाच्या कोणत्या बाजूला उभे राहावे यावरून पती-पत्नींत रोज थोडी चर्चा होते.

गेल्या डिसेंबरात दोघे बडोदा, इंदूर आणि ग्वाल्हेर करून आले. बडोद्याचे आणि इंदुराचे दिवस निरभ्र होते. संध्याकाळी बॅटरी भरलेली असे. ग्वाल्हेरला धुक्याने गाठले. अडीच दिवस सूर्य दुधाळ काचेमागे असल्यासारखा. नातलगांच्या घरात झोपावयाची सोय होती आणि विजेचा खटकाही होता, परंतु वहिनींनी गाडीची वायर घराला जोडू दिली नाही. आपली गाडी आपल्यावर चालते की नाही हे त्यांना पाहावयाचे होते. थंडीमुळे पंखे नको होते आणि फ्रीजचा खर्चही निम्म्यावर आला होता. पहिल्या संध्याकाळी बॅटरी ७८ टक्के, दुसऱ्या संध्याकाळी ६१, तिसऱ्या सकाळी ५४. त्या दुपारी धुके फाटले. फ्रीजमध्ये ठेवलेला काचेचा तापमापक तीनही दिवस ४ ते ६ अंशांच्या मध्ये होता. वहीत सकाळ-संध्याकाळचे आकडे वहिनींच्या अक्षरात आहेत.

होळीनंतर तंजावरचा बेत आहे. तेथे ऊन अधिक मिळेल, पण फ्रीजही अधिक घेईल. वहिनींनी त्यासाठी दिवसाला पाव युनिट जादा धरून ठेवले आहे.